तीन गोठ्यांतली शांतता

१

सुताराच्या घराचं दार तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. म्हातारा खाटेवर उताणा पडला होता. डोक्यावरून पेंडीचं रिकामं पोतं गळ्यापर्यंत ओढलेलं, आणि गळ्याशी दाव्याची दोन वेटोळी घालून गाठ मारलेली. दिवस उन्हाळ्याचे, त्यामुळे पुढचं वर्णन न केलेलंच बरं. आत गेलेले चौघे नाकाला फडकी लावून बाहेर आले आणि श्वास घेतल्याबरोबर त्यांनी माणसं पिटाळली ती छत्रीवाल्याला धरायला.

आठ महिन्यांतलं हे तिसरं प्रेत. आधी काकू गेल्या, मग निवृत्त मास्तर, आता सुतार. तिघंही म्हातारे, तिघंही एकटे, तिघांचीही घरं गावाच्या कडेला आणि तिघांच्याही दारात एकेक म्हैस. दर वेळी पोतं, दावं, गाठ. दर वेळी मरण दुपारचं आणि शोध लागायचा दोन दिवसांनी. चोरीला कधी काही गेलं नाही. आणि तिन्ही वेळा त्या आठवड्यात गावात छत्रीवाला येऊन गेलेला. हा गावोगाव हिंडून मोडक्या छत्र्या नीट करणारा माणूस. तीन-चार महिन्यांनी त्याची फेरी यायची, शाळेच्या पडवीत तीन दिवस मुक्काम करायचा आणि पुढच्या गावाला जायचा. या वेळी त्याला पाच मैलांवर रस्त्यात गाठलं. तीन बरगड्या आणि समोरचे दोन दात मोडून झाल्यावर गावाने त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

आधीच्या तपास अधिकाऱ्याची बदली झाली आणि तिन्ही फायली इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर आल्या. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. तीन दिवसांत आरोपपत्र जायला हवं, सही तुमची, म्हणाले.

बाई आधी कोठडीत गेल्या. छत्रीवाला भिंतीला टेकून वाकडा बसला होता, सरळ बसलं की बरगडी टोचायची. त्याने फारसं काही सांगितलं नाही. त्या गावात मला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, म्हणाला, छत्र्या दारातूनच फेकतात. कोणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे मला कळणार कसं?

आरोपी असंच बोलतात, हे बाईंना वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. तरी त्या जिन्यात थांबल्या. आपण सही केली तर हा माणूस फासावर जाणार. पुढे चौकशी होईल, वकील येईल, या सगळ्या बोलायच्या गोष्टी. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचा निकाल आरोपपत्रातच लागतो. त्यांनी हवालदाराला जीप काढायला सांगितली.

२

गावाचं नाक म्हणजे दूध केंद्र. पांढऱ्या फरश्या, भिंतीवर पहिल्या नंबरच्या ढाली, आणि फिनेलच्या वासाखालून डोकं वर काढणारा नासक्या दुधाचा वास. केंद्राचे अध्यक्ष कडक इस्त्रीतले, तोंडात साखर ठेवून बोलणारे. त्यांनी चहा मागवला. नुसत्या दुधाचा, वर बोटभर साय. बाईंनी कप तोंडाशी नेला आणि सायीवर बसलेली माशी बघून खाली ठेवला. हवालदाराने आपला संपवला आणि बाईंचाही.

"आमचं गाव म्हणजे एक कुटुंब आहे, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

मग तिघा मेलेल्यांचं गुणगान झालं. काकू म्हणजे माया, मास्तर म्हणजे विद्या, सुतार म्हणजे कष्ट. मेल्या म्हशीला मणभर दूध. बाहेर पानटपरीवर हवालदाराने काकूंच्या शिव्या, मास्तरांची कज्जेदलाली आणि सुताराचा चिक्कूपणा तपशीलवार ऐकून ठेवला होता, तो भाग निराळा.

बोलणं चाललं असतानाच कुठूनतरी आवाज सुरू झाला. लांबलचक, फाटका, पोटातून आलेला. बाई दचकल्या. कोणाला मारतायत की काय, त्यांनी विचारलं.

अध्यक्ष हसले. किराणावाल्याची म्हैस आहे म्हणाले, तो शहरात गेलाय, संध्याकाळच्या धारेला तासभर उशीर झालाय. कास तटतटली की दुखतं, मग ती गाव डोक्यावर घेते. खोलीत बसलेल्या गावच्या चार माणसांपैकी दोघं तोवर चपला घालून निघालेही होते. असा आवाज आला की आमच्याकडे कोणाला घरात बसवत नाही, अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, मुक्या जनावराचं दुःख आम्हाला बघवत नाही.

तो आवाज आणखी पाव तास चालला. बाईंनी कानात बोटं घातली नाहीत एवढंच. केंद्रातून निघाल्यावरही तो त्यांच्या डोक्यात राहिला, पण का राहिला हे त्यांना त्या दिवशी उमगलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी बाई तिघांच्या नातेवाइकांकडे गेल्या. गावात प्रत्येकाचं एकेकच होतं, म्हणजे घोळ नव्हता.

काकूंचा पुतण्या पिठाची गिरणी चालवायचा. भुवयांपर्यंत पीठ, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसायची सोय नाही. काकूंशी पाच वर्षं बोलणं नव्हतं, त्याने सांगितलं. त्यांच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. बाई गेली हे वाईटच, पण तो छत्रीवाला सुटता कामा नये.

सुताराचा जावई ट्रॅक्टर चालवायचा. बायको बाळंतपणात गेल्यापासून सासऱ्याशी उभा दावा. त्याच्याही तोंडी तीच वाक्यं होती. पाऊल ठेवलं नव्हतं, वाईट झालं, सुटता कामा नये. बाईंचं त्याच्या बोलण्याकडे निम्मं लक्ष होतं, कारण त्याच्या ओसरीवरची खाट त्यांनी कुठेतरी पाहिली होती. शिसवी पायांची, एका पायाला तार गुंडाळलेली. फायलीतल्या फोटोत.

"ही सासऱ्यांची खाट?"

"हो. चांगली आहे, मजबूत. धुतली की."

त्या खाटेवर जावयाची चार वर्षांची मुलगी दुपारची झोपली होती. बाईंना पाणी विचारलं गेलं, त्यांनी नको म्हटलं. वीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हांची प्रेतं पाहिली होती आणि प्रेतांनी त्यांचा घास कधी अडला नव्हता. जिवंत माणसांनी मात्र अडायचा.

मास्तरांची सून सगळ्यांत टापटीप. घासलेली भांडी उन्हात मांडलेली, दारापुढे कचऱ्याचं नाव नाही. नवरा शहरात कामाला, ती इथे. सासऱ्यांचं दोन वर्षं तोंड पाहिलं नव्हतं, म्हणाली. मग स्वतः होऊन बाईंना गोठ्यात घेऊन गेली. मास्तरांची म्हैस आता तिच्याकडे होती, तशी काकूंची पुतण्याकडे आणि सुताराची जावयाकडे. मालकामागे जनावर ओरडत राहू नये, म्हणून ज्याचं त्याने नेलं होतं.

"नऊ लिटर देते दोन वेळचं," सून म्हणाली. तिने म्हशीच्या गळ्याखाली खाजवलं. म्हशीने मान लांबवून तिचा दंड चाटला.

बाईंच्या वहीत त्या संध्याकाळी तीन पानं भरली होती आणि त्यांतून निघत काही नव्हतं. तिघांचाही सुंठीवाचून खोकला गेला होता हे खरं. पण काकू गेल्या त्याचा फायदा जावयाला काय, आणि मास्तर गेले त्याचं पुतण्याला काय? तिन्ही खून एका हाताने केले असतील, तर त्या हाताला तिन्हींतून मिळून काहीच मिळालं नव्हतं. म्हणजे पुन्हा हिंडता-फिरता माथेफिरू, म्हणजे पुन्हा छत्रीवाला.

हाताशी एक दिवस उरला होता.

४

शेवटच्या दिवशी सकाळी बाई गुरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. बाकी दिवस कारभार त्यांच्या मदतनिसाचा, त्याला गाव इंजेक्शनवाला म्हणायचं. बाईंचा त्याच्यावर संशय होता. तिन्ही घरी प्रेत सापडल्यावर तासाभरात हजर झालेला हा एकच माणूस, आणि त्याच्या कपाटात म्हैस आडवी करणारी औषधं.

तो अजिबात घाबरला नाही. उलट खूश झाला, त्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. मालक मेला की जनावर तपासायला मलाच बोलावतात, म्हणाला. तिन्ही म्हशी तपासल्या. ताप नाही, कास मऊ, सड मोकळे, एकीच्याही सडात औषधाची नळी सोडावी लागली नाही. पंचनाम्यावर त्याची सही होती. तिन्ही फायलींत तेच शब्द होते: म्हैस एक, सुस्थितीत.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचून तीनदा ओलांडली होती. आताही ओलांडली असती, पण मागे हवालदाराला चहाचा ठसका लागला. तो खोकत खोकत बाहेर गेला आणि बाई येईपर्यंत जीपपाशी उभा राहिला. जाडजूड, चहाबाज, दुपारी डुलकी काढणारा माणूस. बाईंनी त्याला इतका गंभीर कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, माझ्या आईने आयुष्यभर म्हशी सांभाळल्या," तो म्हणाला. "दुपारी मालक मेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सापडला. मधे तीन धारा चुकल्या. तीन धारा चुकलेली म्हैस सुस्थितीत नसते. कास दगड होते. सडातून रक्त येतं. आणि ती ओरडते. परवा ऐकलंत ना, तासभर उशीर झाला तर काय केलं ते?"

बाईंच्या डोक्यात दोन दिवस अडकलेला आवाज एकदम जागेवर बसला. या तिघी दोन-दोन दिवस उभ्या होत्या आणि गावात कोणी काही ऐकलं नव्हतं.

"रेडकांनी पिऊन टाकलं असेल."

दोघींची केव्हाच विकली होती, हवालदाराने सांगितलं, आणि सुताराचं वेगळं बांधलेलं होतं, दावं शाबूत. त्याने हे सगळं परवाच पानटपरीवर ऐकलं होतं, फक्त जोडलं नव्हतं.

"म्हणजे खून केल्यावर कोणीतरी येऊन धार काढत होतं."

"सकाळ-संध्याकाळ, मॅडम. आत प्रेत, बाहेर धार. नाहीतर जनावर कायमचं बाद होतं ना." त्याने चेहरा पुसला. "छत्रीवाल्याला काय पडलंय म्हशीच्या कासेचं? आणि पडलं असतं तरी तिने त्याला थेंब दिला नसता. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. महिना महिना जातो."

  बाईंना ते दृश्य दिसत होतं: पोत्यात डोकं असलेलं माणूस दोन हातांवर, आणि कोणीतरी शांतपणे गुडघ्यात किटली धरून बसलेलं.

गावातल्या तिन्ही म्हशी ज्या हाताला ओळखतात असं कोणी आहे का, त्यांनी विचारलं. हवालदाराला आठवायला वेळ लागला नाही.

"आहे एक. बदलीमावशी."

५

कोणी आजारी पडलं, कोणी गावाला गेलं की धारेला बदली म्हणून जाणारी, म्हणून बदलीमावशी. साठीची बाई, हात मात्र विशीतल्या माणसाचे. पन्नासेक घरांतल्या म्हशी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. ती चुलीपुढे बसून शेंगा सोलत होती. डाव्याच हाताने. उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं.

मनगटाचं काय झालं, बाईंनी विचारलं.

सुताराच्या म्हशीने लाथ घातली, मावशी म्हणाली. दिवाळं निघालं हाताचं. चार महिने प्लास्टर, त्यातले दोन नुसते हॉस्पिटलच्या फेऱ्यांत. मास्तर गेले तेव्हा हात गळ्यात होता, सुतार गेला तेव्हाही मूठ वळत नव्हती. एका हाताने धार निघत नाही आणि गळ्याला गाठही बसत नाही, हे बाईंना विचारावं लागलं नाही. मनगटाकडे बघूनच कळत होतं.

"तुमच्यासारखीला सुद्धा तिने लाथ घातली?"

"ती अवलाद तशीच. मालक सोडून कोणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. काकूंची तर मला बघून पान्हा चोरायची, दोनदा गेले आणि दोनदा रिकामी आले. मास्तरांची तेवढी बरी होती." मावशीने शेंगांचं सूप पुढे ओढलं. "तिघींना धार काढील असा हात या गावात नाही, बाई. माझा नाही म्हणजे कोणाचाच नाही."

बाईंचा शेवटचा धागा तुटला होता. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की खुनानंतर धार निघत होती हे त्यांनी मावशीला सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं ते फक्त मनगटाबद्दल.

"मावशी, मी तिघींच्या धारेचं कुठे विचारलं?"

मावशीची बोटं शेंगेवर थांबली.  मग म्हणाली, मला रोज याच गावात राहायचंय, आणि उठून आत गेली.

६

जीप चिंचेखाली उभी होती. बाई आत बसून होत्या, हवालदार बाहेर.

"हिला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "हिला पहिल्यापासून माहीत आहे. आणि हिला एकटीलाच का माहीत असेल? तासभर म्हैस ओरडली तर जे गाव चपला घालून धावतं, त्याला दोन दिवस ती ओरडली नाही याचा अर्थ कळला नसेल?"

 हवालदाराला त्याचं स्वतःचं गाव आठवत असावं.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. धार काढणारा तोच खुनी. दोन दिवस प्रेतापाशी ये-जा करून ज्याने कोणाला सांगितलं नाही, तो दुसरा कोण असणार? धार त्यालाच निघणार ज्याला ती म्हैस ओळखते. तिन्ही म्हशी ओळखतील असा हात गावात नाही. यांतलं कुठलंच विधान मोडत नव्हतं. मग मोडायला एकच गोष्ट उरत होती, आणि ती अशी होती की पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी आणि खुद्द बाईंनी आठ महिने तिला हातही लावला नव्हता.

"एक हात नाहीच," त्या म्हणाल्या. "तीन आहेत."

"पण पद्धत एकच आहे, मॅडम. पोतं, दावं, गाठ."

"काकूंचं प्रेत अख्ख्या गावाने पाहिलं. पेंडीचं पोतं कोणाकडे असतं?"

"घरोघरी."

"दावं?"

"घरोघरी."

"आणि गाठ?"

 म्हैस बांधायची गाठ. हवालदारालाही तीच यायची.

आता उरलं सगळं आपोआप सुटत गेलं. प्रत्येक म्हैस मालकाखेरीज आणखी कोणाला ओळखत होती, हे शोधायला लांब जायला नको. ती आज कोणाच्या गोठ्यात आहे ते बघायचं. इंजेक्शनवाल्याकडे हवालदार पुन्हा गेला आणि पाच मिनिटांत परत आला. तिन्ही म्हशींनी नव्या गोठ्यात पहिल्याच संध्याकाळी भरपूर दूध दिलं होतं, त्याने स्वतः पाहिलं होतं. पाच वर्षं, दोन वर्षं ज्यांनी अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं त्यांना.

"तुम्हाला तेव्हा विचित्र वाटलं नाही का, असं विचारलं मी," हवालदार म्हणाला. "तर म्हणतो, मला कोणी विचारलं नाही."

आणि छत्रीवाला? तो यायचा तेव्हाच खून व्हायचे, हे शंभर टक्के खरं होतं. काकूंच्या वेळी तो निव्वळ योगायोगाने गावात होता आणि गावाने त्याचं नाव घेतलं. पुढच्या दोघांना एवढंच करायचं होतं, की तो पुन्हा येईपर्यंत थांबायचं, आणि तो निघून जाईपर्यंत प्रेत सापडू द्यायचं नाही. म्हणून ते दोन दिवस. त्या बिचाऱ्याला वाटत होतं आपण छत्र्या शिवायला जातो. गाव त्याची वाट बघत होतं ते म्हातारी माणसं मारायची सोय म्हणून.

बाईंनी घड्याळ पाहिलं. साहेबांचा माणूस सहा वाजता आरोपपत्र न्यायला येणार होता. आत्ता चार वाजले होते, म्हणजे धारेची वेळ झाली होती.

७

सून किटली विसळत होती. बाईंनी सहज विचारलं, सासरे सापडले त्या संध्याकाळी म्हैस इथे आणली, तिने लगेच दूध कसं दिलं?

"गरीब आहे ती. कोणाच्याही हाताला देते."

"मग आज आमच्या हवालदारांना काढू द्या."

सुनेला नाही म्हणता येईना. हवालदाराने हात धुतले, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, चुचकारलं, बसला. आईने शिकवलेलं सगळं केलं. म्हशीने कान मागे टाकले आणि पान्हा वर ओढून घेतला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. किटलीत थेंब नाही. म्हैस पाय बदलायला लागली, मग तो आवाज सुरू झाला. शेजारच्या घरांची दारं उघडली. पंचवीस मिनिटांनी तिने लाथ मारून किटली उडवली.

"उठा!" सून किंचाळली. "कास बिघडेल तिची. उठा तिथून!"

ती हवालदाराला जवळजवळ ढकलून खाली बसली. तिने कासेवर हात फिरवला, तोंडाने काहीतरी पुटपुटली, आणि दोन मिनिटांत धारा वाजायला लागल्या. बाई तिच्या समोर उकिडव्या बसल्या. त्यांना ते वाजणं ऐकवत नव्हतं.

"मास्तरांच्या गोठ्यात किती दिवस जात होता?"

हात थांबले नाहीत. बाईंना नंतर सगळ्यांत जास्त आठवत राहिलं ते हेच.

"वर्षभर," सून म्हणाली. "दुपारी झोपायचे ते. लिटरभर काढून आणायचे मी. त्यांना वाटायचं म्हैस आटत चालली. म्हणून विकायला काढली. नऊ लिटरची म्हैस, बाई. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं."

"म्हणून पोतं घातलं."

"ते झोपेतच होते."

"आणि पुढच्या तीन धारांचं दूध?"

"टाकून का देऊ? घरी आणलं. दही लावलं."

 सुनेचे डोळे भरून आले होते आणि क्षणभर बाईंना वाटलं, आली एकदाची लाज. पण ती म्हशीच्या मागच्या सडाकडे बघत होती. तो ताणाने लाल झाला होता.

मग ती स्वतःच बोलत गेली. काकू मेल्या तेव्हा दोन दिवस म्हैस गप्प होती, त्याच वेळी सगळ्या गावाला कळलं की हे घरच्या माणसाचं काम. पुतण्या पहाटे किटली घेऊन येताना दिसतही होता. कोणी काही बोललं का? उलट त्याच्या गिरणीवर रांग तशीच होती. तिने महिनाभर वाट पाहिली, कोणी बोलतंय का ते. नाही बोललं.

"मग मी म्हटलं, आपल्यालाच कोण बोलणार आहे?"

८

पुतण्या आणि जावई यांना वेगळं वेगळं बसवलं. सून बोलली म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवता दाखवता स्वतःचंही सांगून टाकलं: दोघंही सुनेसारखेच दुपारी चोरून धार काढायला जायचे, आणि दोघांनाही म्हैस हवी होती. साहेबांच्या माणसाला बाईंनी रिकाम्या हाताने परत पाठवलं.

तिघांना जीपमध्ये चढवताना सगळं गाव चौकात होतं. कोणी शिवी दिली नाही, कोणी रडलं नाही, कोणाला नवलही वाटलं नाही. अध्यक्ष इस्त्री सांभाळत पुढे आले. कायदा कायद्याच्या ठिकाणी आहे, आमचा पूर्ण पाठिंबा आहे, म्हणाले, फक्त एक अडचण होती.

"या तिघांना आत्ता नेलंत, तर उद्या सकाळच्या धारा कोण काढणार, मॅडम? त्या जनावरांनी काय पाप केलंय?"

बाईंनी आयुष्यात कधी आरोपीवर हात उचलला नव्हता. अध्यक्ष तर आरोपीही नव्हते. त्यांनी हात खिशात घातले आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

छत्रीवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. बाईंनी त्याला आपल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं, कारण ते त्याला सांगणं आपलं देणं आहे असं त्यांना वाटत होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग पडलेल्या दातांच्या फटीतून हळू बोलला.

"ते तिघं त्या दिवशी रस्त्यावर नव्हते, बाईसाहेब. माझ्या अंगाला त्यांनी बोट लावलं नाही. मला मारलं ते दुसरेच, चाळीसेक जण होते. त्यांना माहीत होतं, मी केलं नाही म्हणून?"

"होतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

 फायलीत त्याच्या बरगड्यांबद्दल एक ओळ होती: पळून जाताना पडला. खाली अध्यक्षांची सही. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. तक्रार द्या, त्या म्हणाल्या, मी स्वतः लिहून घेते, चाळीसच्या चाळीस जणांना इथे आणते. त्यांनी तारीख घातली, त्याचं नाव लिहिलं, मार लागला ती जागा लिहिली.

"साक्षीला कोण येईल?" छत्रीवाल्याने विचारलं.

गावात चारशे उंबरे होते. बाईंनी एकेक घर आठवून पाहिलं, मावशीचंही पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.